तारामाशाशी भाऊबंदकी

"मॅडम, प्राण्याचं आधी तोंड बनते का ढुंगण?"

हा प्रश्न मी विचारला. अकरावी ब, चौथा तास, बायोलॉजी, पंचेचाळीस जणांसमोर उभं राहून, शेवटच्या बाकापर्यंत जाईल अशा आवाजात. आमची शाळा रायपूरची, वर्गात आम्ही हिंदी बोलतो म्हणून मूळ प्रश्न हिंदीत होता, आणि हिंदीत तो जास्तच वाईट लागतो. तेव्हा तो इथे मराठीतच राहू द्या.

चांगल्या घरच्या मुलीने असं का विचारावं? तर साक्षी आणि रुचिता ह्या माझ्या मैत्रिणींनी पैज लावली म्हणून. प्राण्यांच्या वर्गीकरणाचा धडा चालू होता. अकरा गट, प्रत्येकाचं नाव असं की उच्चारताना जिभेला गाठ बसावी. रुचिता पुस्तकाच्या कडेला पेन्सिलीने जांभईचं चित्र काढत होती, उघडं तोंड आणि दात. त्यावर साक्षी कुजबुजली, "तोंड आधी बनत असेल, का ते मागचं?" आणि रुचिता म्हणाली, "तू पूछेगी, कौमुदी? तुझमें दम नहीं है."

मागच्या वर्षीपर्यंत मी हजेरीचं 'येस मॅडम'सुद्धा साक्षीच्या खांद्याआडून म्हणायची. ह्या वर्षी मात्र माझ्यात कुठून तरी हिंमत आली होती, आणि नवी सायकल आली की माणूस कामाशिवाय चार चकरा मारून येतो, तसं माझं चाललं होतं. उभी राहिले. विचारलं.

वर्ग फुटला. मागचे पोट्टे बाकं बडवायला लागले. यामिनी मॅडमनी खडू खाली ठेवला, चष्मा काढला, पुसला, परत लावला. मी मनातल्या मनात प्रिन्सिपलच्या खोलीपर्यंत जाऊन आले.

"बहुत अच्छा सवाल है," मॅडम म्हणाल्या. "बैठना मत. खड़ी रहो."

मग त्यांनी फळ्यावर एक चेंडू काढला. म्हणाल्या, सुरुवातीला प्रत्येक प्राणी असा पोकळ गोळा असतो. मग त्या गोळ्याला एका जागी खळगा पडतो. साधारणपणे गांडूळ, झुरळ, गोगलगाय ह्यांच्याकडे त्या खळग्याच्या जागी तोंड होतं. दुसऱ्या एका घराण्यात त्या जागी मागचं दार होतं आणि तोंड नंतर दुसरीकडे उघडतं. अपवाद आहेत, पण मोठी वाटणी अशीच आहे. आणि त्या दुसऱ्या घराण्यात दोन ठळक मंडळी: एक तारामासा, आणि एक आपण.

"तो कौमुदी, तू कॉकरोच से ज़्यादा स्टारफिश की रिश्तेदार है. सात साल से पढ़ा रही हूँ, आज पहली बार किसी ने काम की बात पूछी."

वर्ग पुन्हा फुटला. सुट्टी होईपर्यंत माझं नाव 'स्टारफिश की बुआ' पडलं होतं. पण मला ते ऐकूच येत नव्हतं. मी जी अकरा नावं परीक्षेपुरती घोकत होते ती नावं नव्हतीच, ती भावकी होती! कोणाचं कोणाशी कुठून फाटलं, कोण कोणाचा चुलत, कोण उगाच शेजारी दिसतो पण रक्ताचा नाही. आणि हे सगळं ठरतं कशावरून, तर ज्याचा उच्चार घरात करता येत नाही त्यावरून. इतका मोठा विनोद सृष्टीने केला आणि त्याला हसणारी मी एकटी? मी त्याच दिवशी ठरवलं, हे लोकांना दाखवायचंच.

लोक म्हणजे आमच्या मराठी मंडळाचे लोक. गणेशोत्सवातल्या रविवारी मंडळाच्या सभागृहात मुलांचं प्रदर्शन असतं. दरवर्षी तीन ज्वालामुखी, दोन पवनचक्क्या आणि एक थर्मोकोलचा किल्ला. ह्या वर्षी तिथे 'प्राण्यांची भावकी' मांडायची, प्रत्येक मोठ्या गटाचा एक खराखुरा नमुना ठेवून. पुस्तकातल्या अकरांपैकी दोन गट समुद्राबाहेर कोणी ओळखतही नाही. त्यांची मनातल्या मनात क्षमा मागून मी नऊ धरले.

रात्री जेवताना सांगितलं. आई म्हणाली, "आन् ते कोचिंगचं?"

कोचिंगचं असं, की मी अकरावीला बायो घेतल्या दिवसापासून सगळ्यांनी मला डॉक्टर करून टाकलं आहे. मला कोणी विचारलं नाही. वरच्या मजल्यावरच्या मीरा काकू लिफ्टमध्ये मला जीभ काढून दाखवतात आणि विचारतात, "पांढरी दिसून राहिली का गं?" बाबांनी शंकर नगरच्या एका कोचिंगचं माहितीपत्रक आणून फ्रिजवर चुंबकाने लावलं आहे. मी दूध काढायला गेले की त्यावरचा पांढऱ्या कोटातला मुलगा माझ्याकडे बघून हसतो.

बाबांनी वरणात भात कालवला. बाबा सिलतऱ्याला एका कारखान्यात माल तपासायच्या खात्यात आहेत. पास किंवा रिजेक्ट ह्याच्या मधलं त्यांना फारसं आवडत नाही.

"असं करू," ते म्हणाले. "प्रदर्शन कर. बक्षीस आणलं तर पुढे काय शिकायचं ते तू ठरव, मी तोंडातून शब्द काढणार नाही. नाही आणलं, तर सोमवारपासून कोचिंग. डोकं खाली घालून. कबूल?"

"कबूल."

"विचार करून बोल."

"केला."

आईने मला पोळी वाढली आणि बाबांकडे बघितलं. ती नजर अशी होती, की बक्षीस मिळालं तर ह्या माणसाचं काय करावं.

दुसऱ्या दिवशी मी फॉर्म आणायला वरच्या मजल्यावर गेले, कारण मंडळाचे सचिव म्हणजे मीरा काकूंचे यजमान नाना काका. इथे थोडं सांगायला हवं. रायपुरात मराठी माणसांचे दोन मोठे गट आहेत: भोसल्यांच्या काळात आलेले, आणि नोकरीच्या मागे विदर्भातून आलेले. नाना काका पहिल्यातले, आम्ही दुसऱ्यातले. माझे पणजोबा रेल्वेत लागले त्याला सत्तर वर्षं झाली, तरी काका आमची ओळख करून देताना म्हणतात, "हे गावंडे, नवीन आले आहेत." तहसील कचेरीतून निवृत्त झाल्यावरही कचेरी त्यांच्यातून निवृत्त झालेली नाही. फॉर्म त्यांनी स्वतः तयार केला आहे. त्यात 'विभाग: विज्ञान / कला / धार्मिक' असं आहे, कुटुंबप्रमुखाची सही आहे, आणि 'प्रदर्शनात सजीव असल्यास त्यांची संख्या (अक्षरी)' असा एक रकाना आहे. तो का आहे हे विचारल्यावर कळलं, की कधीकाळी कोणी तरी पोपट आणला होता आणि तो आरतीच्या मध्ये बोलला होता.

"काय काय आणून राहिली?" काकांनी पेन उघडलं.

"गांडुळं, काका."

"किती?"

"चाळीसेक असतील."

"सेक नाही चालत. उद्या एक कमी निघालं तर जबाबदार कोण?"

"एकोणचाळीस लिहा."

"पुढे?"

"एक झिंगा."

काकांनी पेन बंद केलं. "सभागृहात मांसाहार बंद आहे."

"खायचा नाही, काका. बघायचा आहे."

"बाप्पासमोर बघायचाही नाही."

नाना काकांचं वर्गीकरण सरळ आहे. प्राण्यांचे गट दोनच: चालेल आणि नाही चालेल. जो कोणत्या तरी देवाचं वाहन आहे तो चालेल. उंदीर चालेल, मोर चालेल, बैल पुठ्ठ्याचा असेल तर चालेल. झिंग्यावर कोणताही देव बसत नाही, सबब नामंजूर. झुरळाचं मी नावच काढलं नाही. फॉर्म त्यांनी 'बाबांची सही आणून दे' म्हणून परत केला.

मग सुरू झाला नमुने जमवण्याचा उद्योग. आमच्या इमारतीत एका घरात मीठ संपलं तरी बाकीच्या घरांत चर्चा होते, इथे तर प्राणी हवे होते. सल्ला मागावा लागलाच नाही. तळमजल्यावरच्यांनी सांगितलं, जळू पाहिजे असेल तर तेलीबांध्याच्या तलावात पाय बुडवून बस, पण चप्पल सांभाळ. तिसऱ्या मजल्यावरून निरोप आला की त्यांच्या गॅलरीतली पाल घेऊन जा, परत केली नाही तरी चालेल. स्पंज हा प्राणी आहे आणि मला तो हवा आहे, हे ऐकल्यावर मीरा काकूंनी वाळलेल्या गिलक्याची अंग घासायची जाळी आणून दिली. "काकू, ही भाजी आहे," मी म्हटलं. "पण आहे ना स्पंजासारखी?" काकू म्हणाल्या. दिसण्यावर जाऊ नये हे वर्गीकरणाचं पहिलं तत्त्व मी त्यांना समजावलं, तर त्या म्हणाल्या, "सून आणताना मी पण हेच म्हणत होते."

बाबांनी तर कमालच केली. आठवड्यात एका संध्याकाळी ते आले आणि टेबलावर कागदात गुंडाळलेलं काहीतरी धाडकन ठेवलं. भोकाभोकांचा काळा दगड.

"घे. स्पंज."

"बाबा, हे स्पंज आयर्न आहे. लोखंड."

"मग? सिलतऱ्याला ट्रकांनी भेटते. तुले एक पाहिजे होता ना?"

पैज माझ्याविरुद्ध लावून माझ्यासाठी नमुना आणणाऱ्या माणसावर रागावता येत नाही. मी तो दगड ठेवून घेतला.

शाळेच्या लॅबमध्ये बरण्यांत सगळं आहे. पण बरणी बाहेर न्यायची तर प्रिन्सिपलची परवानगी, ती मिळवायला अर्ज, आणि अर्जात बरणीचा नंबर. नंबराच्या चिठ्ठ्या तर मागच्या पावसाळ्यात गळून पडल्या. यामिनी मॅडमनी एक बरणी उजेडात धरली आणि म्हणाल्या, "ये या तो टेपवर्म है, या किसी का फीता." शाळेची बाजू तिथे संपली.

गांडुळं मात्र मिळाली. इमारतीच्या माळी भैयांनी मोगऱ्याच्या वाफ्यातून काढून दिली, ओल्या मातीसकट. ठेवायला मला घट्ट झाकणाचा डबा हवा होता. ओट्याखाली एक स्टीलचा डबा धुऊन पुसून ठेवलेला होता. मी त्यात माती भरली, गांडुळं सोडली, हवा जावी म्हणून झाकण किंचित तिरपं ठेवलं आणि डबा गॅलरीत सावलीला ठेवला.

तो डबा मीरा काकूंचा होता. पोळ्याला त्यांनी त्यातून ठेठरी-खुरमी पाठवली होती. छत्तीसगडी खाऊ आमच्याकडे त्यांच्याचकडून येतो. आणि आमच्या लोकांचा नियम जगजाहीर आहे: शेजारचा डबा रिकामा परत करायचा नाही. सत्यनारायणाची पूजा एखाद्या वर्षी राहील, पण रिकामा डबा गेला तर तीन पिढ्या बोलणी. आईने त्यात भरायला करंज्या तळल्या होत्या आणि गार व्हायला ताटात पसरल्या होत्या.

शनिवारी संध्याकाळी बाबा माझा फॉर्म सही करून वर द्यायला निघाले. आई आतून ओरडली, "अहो, मीरा वहिनींचा डबा घेऊन जा! रिकामा नका नेऊ!"

बाबांनी डबा शोधला. गॅलरीत सापडला. उचलून पाहिला. जड लागला. बाबांचा हिशेब असा: जड आहे म्हणजे रिकामा नाही, रिकामा नाही म्हणजे आईने भरला आहे, म्हणजे पास. झाकण नीट बसवलं आणि गेले.

पुढचं मी पाहिलं नाही, ऐकलं. आम्ही खालच्या मजल्यावर राहतो, तरी स्पष्ट ऐकलं. वर तेव्हा आरतीआधी मंडळाच्या चार बायका बसल्या होत्या. काकूंना चष्म्याशिवाय जवळचं दिसत नाही आणि पाहुण्यांसमोर त्या चष्मा लावत नाहीत. त्यांनी डबा उघडला आणि म्हणाल्या, "अगंबाई, शेवया! कौमुदीच्या आईनं गुळातल्या केल्या आहेत वाटते." आणि चमचा घातला.

शेवया हलल्या.

बाबा पाच मिनिटांत परत आले. डबा नव्हता, फॉर्म होता. त्यावर नाना काकांच्या बारीक अक्षरात लाल शेरा: 'सजीव प्रदर्शने यंदापासून बंद. विज्ञान विभागातील सदर अर्ज फेटाळण्यात येत आहे.' खाली सही, तारीख, वेळ.

"मी डबा दिला," बाबा खुर्चीत बसत म्हणाले. "रिकामा नव्हता."

आईने पदर तोंडाला लावला. मला वाटलं रडते आहे. खांदे हलत होते. मग कळलं, हसते आहे.

मी हसले नाही. उद्या सकाळी दहाला प्रदर्शन, अर्ज फेटाळलेला, नमुन्यांत एक दगड आणि एक भाजी. सोमवारी कोचिंग. फ्रिजवरचा मुलगा हसतच होता.

मी करंज्या घेतल्या, काकूंच्या दारात गेले आणि बेल वाजवली. माफी तर मागायलाच हवी होती. पण खरं सांगते, फक्त माफीसाठी गेले नव्हते.

बायका पांगल्या होत्या. काकू सोफ्यावर पाय वर घेऊन बसल्या होत्या, जमीन सुरक्षित नसल्यासारख्या.

"काहून आली?" त्या म्हणाल्या. "अजून काही पाठवायचं राहिलं का?"

"चुकलं, काकू. बाबांचं नाही, माझं चुकलं. तुमचा डबा मी घेतला न विचारता. आणि ती गांडुळं कुठे आहेत?"

"तुझ्या काकांनी कुंडीत टाकली. मोजून. एकोणचाळीस नव्हती, त्रेचाळीस होती. फॉर्मवर खोटं लिहिलं म्हणून वेगळेच रागावले आहेत."

मी करंज्या पुढे केल्या. त्यांनी चष्मा लावला, दोन्ही बाजूंनी पाहिल्या, मग एक खाल्ली. तेवढ्यात माझी नजर काचेच्या कपाटात गेली. पुरीहून आणलेला शिंपल्यांचा गणपती, पुरीहून आणलेलं देवळाचं चित्र, आणि त्यांच्या मधोमध, वाळलेला, पाच हातांचा, भुरकट...

"काकू! तारामासा!"

"ते होय? अठरा वर्षं झाली. जगन्नाथाला गेलो होतो तेव्हा समुद्रावर घेतला."

"काकू, हा तुमच्या नात्यातला आहे."

मग मी सगळं सांगितलं, खळग्यापासून. 'मागचं दार' असाच शब्द वापरला, मला पण काही मर्यादा आहेत. काकूंनी करंजी खाली ठेवली. ज्या बाईला रायपुरातल्या साऱ्या जुन्या मराठी घरांची सोयरीक तोंडपाठ आहे, तिला भाऊबंदकी समजावून सांगावी लागत नाही.

"म्हणजे गांडूळ आपल्यातलं नाही?"

"फार लांबचं."

"ते मला संध्याकाळीच वाटलं होतं. आणि हा भाऊबंदकीतला?"

"अगदी जुनी भाऊबंदकी, काकू. भोसल्यांच्याही आधीची."

काकूंनी कपाट उघडलं, तारामासा काढला, पदराने पुसला. "तरीच मी हा अठरा वर्षं टाकून दिला नाही," त्या म्हणाल्या. "तीनदा आवराआवर झाली, हात होईना."

आतल्या खोलीत आरतीची घंटा वाजली आणि नाना काकांनी शंख फुंकला. मी दाराच्या चौकटीतून बघत होते. आधी काही नाही. मग एकदम दिसलं. शंख! शंख म्हणजे गोगलगाईच्या भावकीचं कवच. काकांच्या बोटात पोवळ्याची अंगठी. पोवळं कोण बनवतं? समुद्रातले बारके जीव, जेलीफिशचे सख्खे. काकूंच्या अंगावर कोशाची रेशमी साडी, ती किड्याने विणलेली, म्हणजे झुरळ-झिंग्याचा गट. ज्या माणसाने सभागृहात प्राणी बंद केले, तो सपत्नीक तीन गटांचे नमुने घेऊन देवासमोर उभा होता.

आरती संपली. मी काकांना नमस्कार केला आणि तिथेच विचारलं.

"काका, शंख ठेवला तर चालेल?"

"शंख न चालायला काय झालं?"

"कोशाची साडी?"

"उत्तम."

"पोवळं?"

"मंगळाचं रत्न आहे ते. चालेल."

"गांडूळखताची पुडी? पुडीत कोणी नसेल."

काकांनी भुवया चढवल्या. काकू मधे पडल्या. "अहो, द्या ना लिहून. पोट्टी वस्तू कोणत्या आणते ते बघा तरी. सगळं पूजेतलंच तर आहे."

काकांनी नवा फॉर्म काढला. बराच वेळ त्यावर वाकून बसले. त्यांना बिचाऱ्यांना खरोखर मदतच करायची होती. विज्ञान विभागातला अर्ज एकदा फेटाळला की तोच अर्ज त्याच विभागात पुन्हा घेता येत नाही, असा नियम त्यांनीच केला होता. त्यांनी काहीतरी खूण केली, शिक्का मारला, पावती दिली. मी आनंदाच्या भरात पावती वाचली नाही. हे मी पुढच्या पिढ्यांसाठी लिहून ठेवते: पावती वाचावी.

रविवारी दहाला माझं टेबल तयार होतं. शंख, साडीचा पदर, खताची पुडी, तारामासा. चपट्या कृमींचं चित्र. गोल कृमींच्या जागी शाळेत मिळणारी जंताची गोळी आणि पाटी: 'हे महाशय हिच्या भीतीने आलेले नाहीत.' स्पंजाचं चित्र, आणि त्याच्या शेजारी बाबांचा दगड: 'हा प्राणी नाही. वडिलांनी प्रेमाने आणला आहे.' मधोमध कणकेचा उंडा, पुरणपोळीसाठी करतात तसा, अंगठ्याने खळगा पाडून दाखवायला.

उरलं पोवळं. आणि पाठीचा कणा असलेला एक प्राणी. घरच्या काचेच्या टाकीतला मासा आणायचा होता, तर सजीव बंद.

नाना काका पाहणी करत आले. "सगळं ठीक?"

"काका, तुमची अंगठी द्या ना तासभर."

"अंगठी? गुरुजींनी सांगितलं आहे, बोटातून काढायची नाही."

"मग बोट ठेवा."

"काय?"

"अहो, ठेवा बोट," मागून काकू आल्या. चार मैत्रिणी सोबत होत्या, कालच्याच. "ह्यांना हा तारामासा बघायचा आहे, आमच्या नात्यातला आहे तो. तुम्ही उभे राहा तिथे."

काका उभे राहिले. हात टेबलावर, अंगठी पुढे. मी बोटाखाली पाटी सरकवली: 'पोवळे'. मग फार विचार न करता त्यांच्या कोपराजवळ दुसरी ठेवली: 'पाठीचा कणा असलेले प्राणी'. काकांनी ती वाचली. आणि जास्त ताठ उभे राहिले.

आणि गर्दी झाली! मी उंडा हातात घेऊन सांगत होते, खळगा पाडत होते, गोळा मोडून पुन्हा करत होते. काकूंच्या मैत्रिणी खिदळत होत्या, पण ऐकत होत्या. एक आजोबा म्हणाले, परत सांग, मला नीट कळलं नाही. मी परत सांगितलं. लहान पोरं काकांच्या बोटाला हात लावून बघत होती आणि काका म्हणत होते, "हळू, जिवंत नमुना आहे." साक्षी-रुचिता आल्या. रुचिताने दोनदा ऐकलं आणि तिसऱ्यांदा तीच दुसऱ्यांना सांगायला लागली, निम्मं चूक. मी तिला दुरुस्त केलं. एकदा मान वर केली तर दीड वाजला होता आणि माझा घसा बसला होता.

तेव्हाच विज्ञानाचे परीक्षक, एक निवृत्त डॉक्टर, ज्वालामुखींकडून घरी जायला निघाले होते, ते थांबले. सगळं ऐकलं, तारामासा उलटा करून त्याचं तोंड शोधलं आणि म्हणाले, "वा! म्हणजे आता डॉक्टर होणार!"

"नाही," मी म्हटलं.

मी ठरवून म्हटलं नव्हतं. बाहेर पडलं आणि मग मीच ते ऐकलं.

"मला गुण द्या ना, सर," मी घाईघाईने म्हटलं. त्यांनी यादी काढली. वर-खाली पाहिली. "तुझं नाव विज्ञानात नाही, बेटा."

मी पावती काढली. 'विभाग: धार्मिक.' शंख आहे, पोवळं आहे, कोसा आहे. काकांनी मला जिथे जागा होती तिथे बसवलं होतं. काका, अजूनही बोट टेबलावर ठेवून, म्हणाले, "विज्ञानात नियमाने बसत नव्हतं. इथे बसवलं."

धार्मिक विभागाच्या परीक्षक दोन बायका होत्या. त्यांनी विचारलं, ह्यासोबत स्तोत्र कोणतं? मी सांगितलं, नाही. आरास? नाही. नैवेद्य? मी कणकेच्या उंड्याकडे बघितलं. पहिलं बक्षीस तांदळाच्या अथर्वशीर्षाला, दुसरं सुपारीच्या गणपतींना. विज्ञानातलं ज्वालामुखीला, मधल्या.

घरी आलो. आईने चहा टाकला. बाबा दगड कागदात गुंडाळून परत घेऊन आले होते, तो त्यांनी टीव्हीवर ठेवला, मग काढून खाली ठेवला. त्यांना जिंकल्यासारखं वाटत नव्हतं हे मला त्यांच्या पाठीवरून दिसत होतं.

"त्या नानांनी विभागाचं..." बाबा म्हणाले. "हे बरोबर नाही झालं. ती पैज आपण..."

"नाही बाबा," मी म्हटलं. आवाज बसलेला होता म्हणून दोघांना जवळ यावं लागलं. आई कपबशा घेऊनच आली. "पैज म्हणजे पैज. मी हरले. उद्यापासून कोचिंगला जाईन. एक दिवस बुडवणार नाही, फॉर्म भरीन, डॉक्टरकीचा पेपरही देईन, सगळा सोडवीन. पण डॉक्टर होणार नाही. मी प्राणिशास्त्र शिकणार आहे. पोटापाण्याचं काय, लोक काय म्हणतील, मीरा काकूंची जीभ कोण बघेल, हे सगळं विचारून घ्या, मी एकेकाचं उत्तर देईन, पण ठरलेलं बदलणार नाही. आज रागवायचं असेल तर आज रागवा. बारावी संपायला दीड वर्ष आहे, तोवर तुम्हा दोघांना सवय होऊन जाईल."